घर, जमीन आणि पावसाच्या वह्या

पत्र ठाण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई 72 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान बँकेत होते, चार वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. नौपाड्यातला राहता फ्लॅट बाईंनी स्वतःच्या पगारातून घेतलेला, त्यांच्या एकटीच्या नावावर. मुरबाड तालुक्यात यजमानांच्या वाट्याला आलेली 2 एकर 14 गुंठे जमीन आता बाईंच्या नावावर चढली आहे. ती पुतण्या कसतो, वर्षाला दोन पोती तांदूळ आणून देतो. शिवाय हजारेक पुस्तकं, थोडे दागिने, आणि यजमानांनी इमारतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून 31 पावसाळे लिहिलेल्या वह्या. हे सगळं जिवंतपणीच एका विद्यापीठाला देऊन टाकावं आणि त्यांनी मुरबाडच्या जमिनीवर यजमानांच्या नावाने केंद्र काढावं, असं बाईंच्या मनात आहे. नवी मुंबईतल्या त्या खासगी विद्यापीठाचे एक गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले. "बक्षीसपत्र करून टाका, राहायचं तर तुम्हीच राहा," म्हणाले. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, घरची जमीन परक्याला?" तेव्हापासून त्याचे फोन कमी झालेत. डोंबिवलीची धाकटी बहीण म्हणते, घाई करू नकोस. बाई विचारतात, "मी चुकतेय का? आणि वह्या रद्दीत द्यायच्या का? त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तुम्ही देण्याच्या वस्तूंची उतरंड लावली आहे. वर जमीन, मग घर, मग दागिने, पुस्तकं, आणि अगदी तळाशी रद्दीच्या उंबरठ्यावर वह्या. बाजारभावाने मोजलं तर ती बरोबर आहे. पण विद्यापीठाच्या बाजूने पाहिलं तर मला ती बरोबर उलटी दिसते. वह्यांकडे मी शेवटी येते, कारण त्यांच्याबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे.

आधी "चुकतेय का" याचं उत्तर. द्यावंसं वाटण्यात काही चूक नाही. आपल्या मुंबईतलं विद्यापीठच अशा देण्यांवर उभं राहिलं. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं असं सांगितलं. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि स्वतः प्रेमचंद बुडाले. पण पैसे आधीच विद्यापीठाकडे पोचले होते, आणि मनोरा 1878 मध्ये पुरा झाला. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये 15 लाख रुपये देऊ केले, तेही आईच्या नावासाठीच. एसएनडीटी या अक्षरांतल्या नाथीबाई त्या याच. तेव्हा यजमानांचं नाव राहावं असं वाटण्यात ओशाळण्यासारखं काही नाही. मात्र ही दोन्ही माणसं पुष्कळ राखून देत होती, निदान देताना तरी तशी समजूत होती. तुम्ही डोक्यावरचं छप्परच द्यायला निघाला आहात.

म्हणून पहिला आग्रह घराबद्दल. फ्लॅटचं बक्षीसपत्र आज करू नका. बक्षीसपत्र नोंदलं गेलं आणि समोरच्याने स्वीकारलं की मालकी गेली. नंतर मन बदललं, आजारपण निघालं, चोवीस तासांची बाई ठेवायची वेळ आली, तरी ते आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. "राहायचं तर तुम्हीच राहा" हे त्या गृहस्थांचं तोंडी वाक्य आहे. ते उद्या नोकरी सोडून गेले की वाक्यही त्यांच्याबरोबर जाईल. हयातभर राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखून बक्षीस देता येतं, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये असं बक्षीस वैध मानलं आहे, पण तो हक्क दस्ताच्या मजकुरात, तुमच्या वकिलाने लिहिलेला हवा. तुमच्या म्हणजे तुम्ही फी दिलेल्या. समोरच्यांनी "आमचे वकील सगळं बघतील" म्हटलं की चहा पाजा आणि विषय बदला.

मला विचाराल तर फ्लॅटला मृत्युपत्र पुरेसं आहे. ते हवं तेव्हा बदलता येतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी तुम्ही करा, ठाण्यातच दुय्यम निबंधकाकडे, दोन साक्षीदार घेऊन. साक्षीदार असे निवडा ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. तुमचं मन आणि बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांचं पत्र त्याच दिवसाचं जोडा. व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे पुढे वाटणी करायला, तुमच्याहून वयाने लहान माणूस नेमा. समवयस्क मैत्रिणीला नेमून पुढे पंचाईत झालेली मी पाहिली आहे. सोसायटीत नॉमिनी कोण आहे तेही बघून घ्या, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे त्यालाही सांगून ठेवा.

मृत्युपत्र न करण्याचा पर्याय मात्र तुम्हाला नाही. हे वाचणाऱ्या तुमच्यासारख्या इतर जणींनीही जरा थांबून वाचावं. हिंदू वारसा कायदा 1956 सालचा आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. हे बहुतेकींना ठाऊक असतं. पण स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्याच वारसांकडे जातं, आणि ते कोणी नसतील तरच माहेरचा नंबर लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणजे तुमच्या नौपाड्याच्या फ्लॅटवर डोंबिवलीच्या बहिणीचा हक्क पुतण्याच्या मागे आहे. न्याय्य आहे का? मला वाटत नाही. पण दोन पानांच्या मृत्युपत्राने हे टळतं, आणि तेवढं तुमच्या हातात आहे.

आता जमीन.

जमीन ही विद्यापीठाला देण्याची सर्वांत मोठी गोष्ट, हे तुम्ही धरून चालला आहात. 2 एकर 14 गुंठ्यांत केंद्र उभं राहतं ते कागदावर. प्रत्यक्षात तिथे रस्ता हवा, वीज, पाणी, कुंपण, राखणदार हवा, शिकवायला कुणीतरी रोज मुरबाडला जाणारं हवं. हे पैसे कुठून येणार, असं त्या गृहस्थांना विचारलंत का? जमीन मिळाली आणि पुढे काहीच झालं नाही, तर विद्यापीठाच्या दृष्टीने ती राखायची एक जबाबदारी होते आणि गावाच्या दृष्टीने पडीक रान. जमशेटजी टाटांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी आपल्या मुंबईतल्या मिळकती देऊ केल्या, त्या तिथे वर्ग भरवायला नव्हे. त्यांच्या उत्पन्नावर संस्था चालावी म्हणून. संस्था जिथे उभी राहिली ती जागा म्हैसूरच्या महाराजांनी दिली. जागा देणं आणि उत्पन्न देणं ही दोन वेगळी दानं आहेत आणि बहुतेक विद्यापीठं आज दुसऱ्याला भुकेलेली आहेत.

दुसरी अडचण कायद्याची. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकायलाच नव्हे, बक्षीस द्यायलाही कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. संस्था ही शेतकरी नव्हे. परवानगीशिवाय केलेला दस्त पुढे रद्दबातल ठरू शकतो. सातबारावर वर्ग 1 आहे की वर्ग 2 हे बघा. वर्ग 2 असेल, किंवा सासऱ्यांना ही जमीन कुळाच्या हक्काने मिळालेली असेल, तर हस्तांतराला आणखी वेगळी परवानगी किंवा अटी असू शकतात. पीकपाहणीत कोणाचं नाव लागतंय तेही पाहा, कारण पुतण्या किती वर्षं कसतोय याची नोंद तिथे असते. हद्द कायम करण्याची मोजणी शेवटची कधी झाली? वाटणी दिरांमध्ये तोंडी झाली की फेरफार झाला? यातलं एक उत्तर जरी "माहीत नाही" असेल, तर विद्यापीठाला जमीन देण्याच्या आधीच तुम्ही त्याला एक दावा देत आहात.

तिसरा प्रश्न, घेणारा नेमका कोण? "विद्यापीठ" या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं बसतात. मुंबई विद्यापीठासारखं सार्वजनिक विद्यापीठ असेल तर ते 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली चालतं. देणगी स्वीकारायची ती व्यवस्थापन परिषदेने. अमुक कामासाठी दिलेला निधी दुसरीकडे वळवायला किंवा स्थावर विकायला, भाड्याने द्यायला शासनाची आधी मंजुरी लागते. ही कुंपणं त्रासदायक असतात, पण दात्याच्या कामाची असतात. खासगी विद्यापीठ स्वतंत्र कायद्याने निघतं आणि त्याच्या मागे एक प्रवर्तक संस्था असते. तेव्हा दस्तावर नाव विद्यापीठाचं येणार, प्रवर्तक ट्रस्टचं की एखाद्या कॉलेजचं, हे आधी लेखी घ्या. ट्रस्ट असेल तर त्याला स्थावर विकताना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे लक्षात असू द्या. आणि कोणाच्याही बाबतीत, देणं तुमच्या हयातीत स्वीकारलं गेलं पाहिजे, नाहीतर बक्षीस पुरं होत नाही. विभागप्रमुखांनी "वा, छान" म्हणणं म्हणजे स्वीकार नव्हे. ठराव मागा, ठरावाची प्रत मागा.

अटी घालायच्या असतील तर त्या दस्तातच घालाव्या लागतात. "पाच वर्षांत केंद्र सुरू न झाल्यास हे बक्षीस रद्द होऊन जमीन अमुककडे जाईल" अशी अट दोन्ही बाजूंनी मान्य करून लिहिता येते, कारण केंद्र निघणं न निघणं तुमच्या मर्जीवर नाही. "मला वाटेल तेव्हा परत घेईन" ही अट मात्र टिकत नाही. सोबतच्या पत्रात लिहिलेल्या भावना, इच्छा, अपेक्षा कपाटात जातात. माझ्या मामांनी बाराशे पुस्तकं एका कॉलेजला दिली होती, प्रेमाने, एक साधं पत्र लिहून. दोन वर्षांनी मी गेले तेव्हा ती जिन्याखाली खोक्यांत होती आणि खालच्या रांगेतल्या खोक्यांना पावसाचं पाणी लागलेलं होतं. प्राचार्य बदलले होते. नव्यांना पुस्तकं कोणाची हेच माहीत नव्हतं. कुणाला दोष द्यायचा?

मुद्रांक शुल्काचंही विचारून घ्या. नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क ₹200 असतं. संस्थेला किंवा पुतण्याला ती सवलत नाही, तिथे बाजारमूल्यावर जवळजवळ विक्रीइतकंच शुल्क बसतं. ते कोण भरणार?

पुतण्याबद्दल तुम्ही चारच ओळी लिहिल्यात, पण पत्रातली सगळ्यात अवघडलेली वाक्यं तीच आहेत. तुम्ही त्याला लोभी ठरवून टाकलं आहे का? असेलही लोभी, मला माहीत नाही. पण वर्षानुवर्षं चिखलात उतरून लावणी करणाऱ्याला "घरची जमीन" म्हणण्याचा थोडा हक्क असतो. कायद्याने नसेल, पण असतो. विद्यापीठाचे गृहस्थ दोनदा घरी येऊन बसले, तसे तुम्ही त्याच्याकडे मुरबाडला जाऊन बसा. त्याला विचारा, तुला ही जमीन विकत हवी आहे का? तो शेतकरी आहे, त्यामुळे कलम 63 चा अडथळा नाही. रेडी रेकनरचा सरकारी दर बघा, गावातला चालू भाव बघा, आणि काकू म्हणून सोडायचं तेवढं सोडून दर ठरवा. दोन-तीन हप्त्यांत घेतो म्हणाला तरी चालेल, मात्र खरेदीखत शेवटचा हप्ता आल्यावर.

मग ते पैसे विद्यापीठाला द्या. इथे कराचा हिशेबही तुमच्या बाजूचा आहे. शहराच्या हद्दीपासून पुरेशी दूर असलेली गावची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर बसत नाही. किती दूर ते शहराच्या लोकसंख्येवर ठरतं, 2, 6 किंवा 8 किलोमीटर. तुमच्या सीएला मुरबाड नगरपंचायतीपासूनचं सरळ रेषेतलं अंतर बघायला सांगा. आणि देणगीवरची आयकर सवलत, लोक जिला 80जी म्हणतात ती, फक्त पैशाच्या देणगीला आहे, तीही चेकने किंवा बँकेतून दिलेल्या, आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर. जमीन, पुस्तकं, दागिने दिल्यावर 80जी मिळत नाही. "कराचाही फायदा होईल" असं त्या गृहस्थांनी म्हटलं असेल तर त्यांना हेच सांगा.

समजा 20 लाख आले. ते कायमनिधी म्हणून ठेवायला द्या, म्हणजे मुद्दल हलवायचं नाही आणि व्याजावर दरवर्षी काही करायचं. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ₹1,30,000 होतात. त्यातले तीस हजार मुद्दलात परत घालायला सांगितलेत तर महागाईत निधी अगदीच आटत नाही. उरलेल्या लाखात मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या दोन-तीन मुलींची फी आणि प्रवास भागतो. यजमानांचं नाव त्या शिष्यवृत्तीला. इमारतीवरची पाटी रंगकामात झाकली जाते. शिष्यवृत्तीचं नाव दर जूनमध्ये कुणाला तरी अर्जावर लिहावं लागतं.

पुतण्याने नाही म्हटलं आणि तुम्हाला जमीन जमीन म्हणूनच द्यायची असेल, तर ज्यांना भातखाचराचं काय करायचं हे कळतं त्यांना विचारा. ठाणे जिल्हा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि त्यांचं भातसंशोधनाचं काम कर्जतला चालतं. मुरबाडला त्यांना काही उपयोग आहे का, एका पत्राचा प्रश्न आहे. ते नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच.

दागिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. राहू द्या. तुमच्या पत्रात रोज सकाळी येणाऱ्या मावशींचा उल्लेख दोनदा आला आहे, औषधं त्या देतात, पडलात तेव्हा हॉस्पिटलात त्यांनी नेलं. वाटणीत त्या कुठेच नाहीत. मृत्युपत्र लिहायला बसाल तेव्हा बघा.

पुस्तकांची यादी करा. नाव, लेखक, साल, एवढंच. यादीशिवाय कोणतंही ग्रंथालय उत्साहाने घेत नाही, कारण हजारातली बरीच त्यांच्याकडे आधीच असतात. आपल्या ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, यादी घेऊन आधी तिथे जा. त्यांना काय हवं ते त्यांना निवडू द्या, आणि नको म्हटलेल्या पुस्तकांचं मनाला लावून घेऊ नका.

आता वह्या.

31 पावसाळे, एकच जागा, एकच माणूस, एकच हस्ताक्षर. ताई, असं काही विद्यापीठाला पैसे टाकून घेता येत नाही. ठाण्यात जमीन उद्याही मिळेल, महाग मिळेल, पण मिळेल. 1990 सालच्या जुलैचा नौपाड्यातला पाऊस आता कुणालाही मोजता येणार नाही. आणि पाऊस जागोजाग किती बदलतो हे आपल्या भागाइतकं कुणाला माहीत? 26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला 75 सुद्धा नाही. मग मधल्या, पलीकडच्या, खाडीच्या अलीकडच्या जागांवर किती पडला? ते सांगणाऱ्या नोंदी जितक्या जास्त, तितकं पुराचं, नाल्यांचं, गटारांचं गणित बरं मांडता येतं. त्या गृहस्थांना वह्यांत काही दिसलं नाही, कारण ते जागा बघायला आले होते.

वह्यांच्या किमतीला काही शर्ती आहेत, त्या तपासा. यजमान माप किती वाजता घेत? हवामान खात्यात रोजचा पाऊस सकाळी साडेआठला वाचतात. तेही त्याच सुमाराला वाचत असतील तर नोंदी थेट ताडून पाहता येतील, नसतील तर निदान वेळ लिहिलेली हवी. पर्जन्यमापक कोणत्या बनावटीचा, गच्चीवर कुठे होता, शेजारी टाकी किंवा भिंत कधी उठली, तो बदलला का, ते गावी जात तेव्हा कोण मोजायचं? हे सगळं तुम्हालाच आठवत असेल. एका कागदावर आठवेल तसं लिहून काढा. तो कागद वह्यांइतकाच मोलाचा आहे, आणि तो लिहू शकणारी आता तुम्ही एकटीच आहात. म्हणून जमिनीच्या आधी हे काम.

नंतर प्रत्येक पानाचे फोटो. बहिणीची नातवंडं असतील तर मे महिन्याच्या सुट्टीत मोबाइलवर होऊन जाईल. एक प्रत तुमच्याकडे, एक बहिणीकडे. मग मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या भूगोल विभागाला, किंवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेला पत्र टाका, चार नमुना पानं जोडून. जंगम वस्तू हाती सोपवून देता येते, निबंधकाकडे जावं लागत नाही, पण साधा देणगी करार करा. त्यात वह्या किती, कोणत्या सालांच्या, मूळ वह्या कुठे ठेवणार, कोणालाही अभ्यासाला बघता येतील का, आणि नोंदी वापरल्या तर यजमानांचं नाव कसं द्यायचं, एवढं असावं. हे आजच देता येईल. यात तुमचं छप्परही जात नाही आणि पुतण्याही रुसत नाही.

त्यांच्याकडून काय उत्तर आलं ते मला कळवा. आणि त्याआधी एक करा. 2005 ची वही काढा. त्या मंगळवारी दुपारी सुरू झालेला पाऊस साडेआठच्या हिशेबाने 27 तारखेच्या नोंदीत धरला जातो, त्यामुळे पान 27 जुलैचं बघायचं. पर्जन्यमापक भरून वाहिला असेल तर त्यांनी बाजूला काही लिहिलंय का?